वायरमनचा साहेब

३ फेब्रुवारी

दोऱ्याच्या कंपनीची डायरी यंदाही आली. दुकान बंद करून इतके दिवस झाले तरी पाठवतात, त्यांना कोणी कळवलंच नसावं. आजवर या डायऱ्यांत मी फक्त मापं लिहिली. छाती, कंबर, बाही आणि कोपऱ्यात गिऱ्हाइकाचा स्वभाव. आता मापं नाहीत म्हणून तक्रार लिहितो. ती ऐकायला घरात कोणी उरलेलं नाही, आणि मी कोंबड्यांशी मोठ्याने बोलतो हे लेकीच्या कानावर गेलं तर ती मला उचलून तिच्याकडे घेऊन जाईल.

तक्रार अशी की शेजारच्या वायरमनचा कुत्रा आज पुन्हा आमच्या परसात शिरला आणि कोंबड्यांच्या मागे सुटला. मी आत दाढी करत होतो. कालवा ऐकून अर्ध्या फेसाने बाहेर धावलो, तर नणंद पाण्याच्या टाकीवर चढून बसलेली, थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ भिंतीला चिकटलेल्या, आणि सासूबाई मात्र मधोमध उभ्या, मान ताठ. कुत्रा त्यांच्यापासून हातभर अंतरावर जीभ काढून उभा. मी चप्पल फेकली. ती सासूबाईंना लागली.

कोंबड्यांना ही नावं हिने ठेवलेली. माझ्या घरच्या बायकांना दाणे टाकून वळण लावायची हौस हिने अशी भागवली. एकदा माझी बहीण आलेली असताना हिने परसातून "नणंदबाई, किती ती घाण कराल" असं म्हटलं. तेव्हापासून माझी बहीण आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नाही.

सासूबाई सगळ्यांत जुनी. पिल्लू असताना ती जगते की मरते असं झालं होतं, तर हिने तिला माझ्या मफलरमध्ये गुंडाळून रात्र रात्र उशाशी घेतलं. ही गेली त्याला आता वर्ष होत आलं. कपडे लेकीने वाटून टाकले, औषधं मी फेकली. हिची म्हणून हलती-बोलती उरली ती ही चार. कुत्र्याने त्यांना तोंड लावलं तर मी काय करीन ते मला माहीत नाही.

६ फेब्रुवारी

वायरमनशी बोललो. आमच्या आणि त्याच्या परसामध्ये कुंपण आहे आणि कुंपणात एक लहान फाटक. रस्त्याने वळसा नको म्हणून हिनेच ते करून घेतलं होतं. बायको गेल्यापासून वायरमन एकटाच राहतो, मुलगी परगावी. तेव्हा हिने रांधलेलं काय काय त्या फाटकातून त्याच्याकडे जायचं आणि तो आमचे फ्यूज बसवायला त्यातूनच यायचा. नोकरीत होता तोवर खांबांवर चढला. निवृत्त झाल्यावर कुत्रा पाळला आणि त्याचं नाव ठेवलं साहेब. जन्मभर मी साहेबाचं ऐकलं, आता साहेब माझं ऐकेल, असं म्हणतो. "साहेब, बसा खाली" म्हणताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ऐकत मात्र साहेब त्याचं काडीचंही नाही.

मी म्हटलं, "तुझा कुत्रा बांधून ठेव. नाहीतर फाटक तरी लावत जा."

"लावतो की मास्तर. उद्या जाळीच मारतो खालपासून."

"मागच्या आठवड्यातही उद्याच मारणार होतास."

"मग उद्या नक्की." हसला. आणि जाता जाता म्हणाला, "वहिनींना म्हणावं, काळजी करू नका."

जिभेला सवय असते, माझ्या हातूनही अजून दोन कप चहा टाकला जातो. पण दिवसभर ते वाक्य मला टोचत राहिलं. त्यात त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकलेली आणि कॉलर आत दुमडलेली. तो शर्ट माझ्या हातचा. निवृत्त झालं म्हणून माणसाने इतकं गबाळं राहावं का?

११ फेब्रुवारी

जाळी मारलेली नाही, हे लिहायची गरज नाही.

नवीन भानगड अशी की अंडी नाहीशी होतात. सकाळी उठून बघतो तर खुराड्याची कडी उघडी, चौघी बाहेर हिंडताहेत आणि पेंढ्यात एकही अंडं नाही. टरफलंही नाहीत. कुत्रा अंडी टरफलासकट खातो का, हे लेकीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवता ना वेळेवर?" हे काही उत्तर झालं नाही.

कुत्रा नाकाने कडी वर ढकलायची युक्ती शिकलेला दिसतो. साहेबलोक हुशार असतातच. उद्या कडीला तार पिळून बांधतो.

१४ फेब्रुवारी

आज जे झालं ते फक्त इथे लिहितो.

तार सुटलेली होती. तुटलेली नाही, ओढलेली नाही. सरळ करून, नीट वेटोळं करून खुराड्याच्या छपरावर ठेवलेली. कुत्र्याचं हे काम नव्हे. म्हणजे मीच पहाटे कधीतरी उठून ती सोडली आणि मला त्याचा पत्ता नाही.

आणि हे एकदाच झालेलं नाही. परवा दाणे टाकायचे राहिले म्हणून दुपारी धावत परसात गेलो, तर ताटली भरलेली. पाणीही बदललेलं. मी कितीतरी वेळ ताटलीकडे बघत उभा राहिलो. माझं डोकं चालेनासं झालंय का? आमच्या आईचं शेवटी असंच झालं होतं. मीठ दोनदा, कुलूप चारदा.

हे कोणाला सांगायचं नाही. लेकीला तर मुळीच नाही. वायरमनला सांगावंसं वाटलं होतं. संध्याकाळी कुंपणापाशी गेलोही. तो कुत्र्याला घेऊन कुठेतरी निघाला होता, पुढे साहेब, मागे हा. हल्ली दिवसातून तीन-तीनदा फिरायला जातो. माणसाला काही काम नसलं की असं होतं. मी परत आलो.

२४ फेब्रुवारी

सासूबाई गेली.

सकाळी कालवा ऐकला. बाहेर गेलो तर कडी उघडी, मधलं फाटक सताड उघडं आणि साहेब पेरूच्या झाडाखाली. त्याच्या तोंडात तिची मान होती. मी ओरडलो तसं त्याने तिला खाली ठेवलं आणि शेपूट हलवली. शेपूट हलवली त्याने.

मी तिला उचललं तेव्हा ती ऊन होती. तिला तसंच हातात घेऊन फाटकातून गेलो. वायरमन त्याच्या मागच्या पायरीवर उभा होता, पायात एकच चप्पल.

"बघ. तुझ्या साहेबाने काय केलं बघ."

त्याने बघितलं आणि तो पांढराफटक पडला. "अरे देवा. आता वहिनींना काय सांगू मी?" परत तेच म्हणाला, "वहिनींना काय सांगू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ चुकलं म्हणायचं सोडून मेलेल्या बाईच्या आड लपतो. मी म्हटलं, "वहिनी नाहीत आता. मी आहे. काय सांगायचं ते मला सांग."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मीच अभद्र बोललो होतो. मग खाली मान घालून पायरीवर बसला. साहेब येऊन त्याच्या पायाशी बसला. त्याने कुत्र्याला एक शब्द बोलू नये? एक फटका मारू नये? उलट त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसला.

तिला त्याच मफलरमध्ये गुंडाळून भिंतीकडेला पुरली. माती लोटताना मी रडलो. हिच्या वेळी घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा रडायला सवड झाली नव्हती. आज कोणी नव्हतं म्हणून जे निघालं ते निघू दिलं.

२६ फेब्रुवारी

वायरमनच्या मुलीला फोन केला. तिच्या शाळेचे गणवेश मी शिवलेत, मला काका म्हणते. सरळ सांगितलं की कुत्रा इथून हलव, नाहीतर मी पालिकेत तक्रार करतो, ते गाडी आणून उचलून नेतील.

"काका, त्या कुत्र्याशिवाय बाबांचं पान हलत नाही हो."

"माझ्या कोंबडीची मान हलत नाही आता."

ती म्हणाली, "कोणाचं तरी शेत बघते. मोकळा तरी राहील." आणि थोडं थांबून विचारलं, "काका, बाबा बरे आहेत ना? फोनवर एकच गोष्ट परत परत विचारतात. तुम्ही रोज बघता, म्हणून विचारते."

मी म्हटलं, "ठणठणीत आहे. मला काय होणार म्हणून सगळीकडे दुर्लक्ष करतो, एवढंच. सांभाळून घेणारी माणसं मिळाली की असं होतं."

"बरं," ती म्हणाली. तिला हायसं वाटलं, ते आवाजातून कळलं. मलाही हलकं वाटलं. एकदा स्पष्ट बोललेलं बरं असतं.

२ मार्च

आज टेम्पो आला. शेतवाला माणूस चांगला वाटला, आल्या आल्या कुत्र्याच्या कानामागे खाजवलं. मी कुंपणाच्या अलीकडे होतो, कपडे वाळत घालत. वाळत घालायला दोनच रुमाल होते.

वायरमन गडबड करील असं वाटलं होतं. त्याने काहीच केलं नाही. पट्टा स्वतः शेतवाल्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "सुई टोचताना तोंड धरा हं त्याचं. घाबरतो." त्याला वाटलं, जनावरांच्या दवाखान्यात चाललाय. शेतवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल झटकला.

टेम्पो निघाला तसा साहेब मागच्या फळीवर दोन पाय ठेवून उभा राहिला. भुंकला नाही. वायरमनने त्याला हात केला, "लवकर या साहेब." वळणापर्यंत तो हात तसाच वर होता.

मुलीने बापाला खरं सांगायला हवं होतं. ते काही माझं काम नव्हे.

३ मार्च

मधलं फाटक खिळे मारून बंद केलं. आता पुन्हा कोणाचा कुत्रा नको आणि कोणाची कटकट नको. खिळे ठोकताना वायरमन पलीकडून बघत होता. शेवटी म्हणाला, "मास्तर, मग मी येऊ कुठून?"

मी म्हटलं, "लोक येतात तसं पुढच्या दाराने ये."

७ मार्च

सगळं शांत आहे. कडी सकाळी बंद असते. अंडी जागच्या जागी मिळतात. दाण्याची ताटली मी भरली तरच भरते. म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे, सगळा त्या कुत्र्याचाच प्रताप होता. तार कशी सुटली ते कळत नाही, पण प्रत्येक गोष्ट कळलीच पाहिजे असं नाही.

तिन्ही कोंबड्या मात्र सकाळी बाहेर आल्या की बंद फाटकापाशी जाऊन उभ्या राहतात. कशाची वाट बघतात कोणास ठाऊक.

१० मार्च

दुपारी चौकातली बेकरीवाली वायरमनला हाताला धरून माझ्या दारात घेऊन आली. तो चौकात उभा होता म्हणे, रस्त्याच्या अगदी मध्ये, "साहेब, साहेब" अशा हाका मारत. गाड्या बाजूने जात होत्या.

त्याला खुर्चीत बसवलं. बेकरीवाली मला बाजूला घेऊन म्हणाली, "कुत्रा कुठे आहे मास्तर? तो बरोबर असला की आम्हाला काळजी नसते. हे चौकात येऊन थांबतात, कुठे जायचं ते सुचत नाही. मग तो पट्टा ओढत पुढे होतो आणि हे मागून. तोच घरी नेतो ह्यांना. रोजचंच आहे ते."

मी म्हटलं, "फिरायला जातो तो."

"फिरायला?" ती म्हणाली. जाताना पावाची पिशवी ठेवून गेली.

वायरमनने चहा घेतला, छान झालाय म्हणाला, मग दाराकडे बघून विचारलं, "सुई टोचायला इतका वेळ लागतो का रे?"

मी त्याला रस्त्याने त्याच्या घरी सोडून आलो. बेकरीवालीला तिखटमीठ लावून बोलायची सवय आहे. पण रात्रीचं जेवण तसंच झाकून ठेवलं.

१३ मार्च

काल वायरमन दिवसभर दिसला नाही. दिवेलागणीला घराला कुलूप नाही आणि आत कोणी नाही. मी, बेकरीवाली आणि तिचा नवरा तीन वाटांनी गेलो. पोलिसांना सांगितलं. कोणी म्हणालं बस डेपोकडे, कोणी म्हणालं तळ्याकडे. तळ्याकडे मीच गेलो.

आज सकाळी फोन आला. मोठ्या दवाखान्यातून, जिथे ही होती तिथून. ही गेल्यानंतर त्या रस्त्यावरही मी पाऊल टाकलेलं नाही. आज गेलो. बायकांच्या वॉर्डाबाहेर तेच हिरवं बाक, त्यावर हा बसलेला. पायात चप्पल नाही, तळवे फुटलेले. इतक्या लांब चालत आला होता. बरोबर कोणी नव्हतं ना परत फिरवायला.

नर्स म्हणाली, "रात्रभर एकाच पेशंटचं नाव सांगत होते. आम्ही यादी बघितली, असं कोणी नाही. मग खिशात फोन नंबर सापडला." नाव हिचं होतं. नंबर माझा होता. मीच कधीतरी त्याला लिहून दिलेला.

मला बघून त्याचे डोळे भरले. "मास्तर, मी आत गेलो नाही. तूच सांग त्यांना. कोंबडीचं माझ्याच्याने सांगवेना."

मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो. त्याच बाकावर हिच्या शेवटच्या दिवसांत आम्ही दोघं बसायचो. त्या दिवसांत सकाळची पहिली बस पकडून मी इथे यायचो आणि तो म्हणायचा, "तू जा रे, कोंबड्यांचं मी बघतो." फाटकातून यायचा, कडी काढायचा, दाणा-पाणी करायचा. अंडी एकेक करून कागदात गुंडाळायचा आणि दुपारी इथे घेऊन यायचा, वहिनींना ताकद यावी म्हणून. हिला तेव्हा पाणीही गिळवत नव्हतं. ती अंडी मी परत नेऊन त्याला खायला लावायचो.

हे सगळं मला तिथे बसल्यावर आठवलं. आठवलं, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. किंवा लावायचा नव्हता.

१६ मार्च

वायरमनची मुलगी आली. डॉक्टरांकडे नेऊन आणलं. आजाराचं नाव तिने मला सांगितलं, ते मी आईच्या वेळेला ऐकलेलं. बरंच पुढे गेलंय म्हणाले, दोन वर्षं तरी झाली असतील. घरात रोज कोणी येणारं-जाणारं असतं तर लवकर लक्षात आलं असतं, असंही म्हणाले. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या मनात तसं काही नव्हतं, पण माझ्या मनात होतं. कुंपणाच्या अलीकडे रोज उभा राहून त्याची बटणं मोजत होतो मी.

ती घर आवरायला लागली. घरात वास कुठून येतो ते शोधत होती. शेवटी पलंगाखालची त्याची हत्यारांची पेटी ओढली आणि मला हाक मारली.

पेटीत पक्कड नव्हती, टेस्टर नव्हता. अंडी होती. एकेक अंडं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं, थरावर थर लावून, मध्ये पेंढा. खालची फुटून गेली होती. वायरमन धावत आला, त्याने पेटीवर आडवा हात धरला. "त्याला हात नको लावू बाळ, ती दवाखान्यात न्यायची आहेत."

मुलगी नाकाला पदर लावावा तशी बाही लावून रडत होती. तिला काही कळलं नव्हतं. मला सगळं कळलं. कडी, तार, भरलेली ताटली, बदललेलं पाणी. पहाटे उठून तो यायचा, माझ्या बायकोच्या कोंबड्या सांभाळायला. कारण मी तिच्याबरोबर दवाखान्यात आहे, आणि त्याने शब्द दिलाय. त्याच्यापुरता तो दिवस संपलेलाच नाही. त्याच्या मागून कुत्रा यायचा, त्याला परत न्यायला. कुत्रा शेवटी कुत्रा, मोकळी कोंबडी दिसली, धरली.

मी कुत्रा घालवला. मग फाटकाला खिळे मारले. त्याची यायची-जायची वाटही मीच बंद केली आणि वाट दाखवणाराही मीच घालवला.

मुलीला मी सगळं सांगितलं. फोनवर तिने विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर, तेही बोललो. ती म्हणाली, "काका, मीही येऊन बघायला हवं होतं." तिने मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

१८ मार्च

शेतावर गेलो. शेतवाल्याने बघूनच ओळखलं आणि मान खाली घातली. साहेब तिसऱ्या दिवशी साखळी तोडून गेला म्हणे. कळवायला संकोच वाटला त्याला. संध्याकाळपर्यंत त्या भागात हिंडलो. माझ्यासारखा खडूस माणूस बांधाबांधावर उभा राहून "साहेब, साहेब" असा ओरडत होता. एक-दोघं हसले. हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, तसा एक कुत्रा गावाच्या दिशेने जाताना दिसला होता. किती दिवस झाले, तर त्याला आठवेना.

रस्ता मोठा आहे. ट्रक जातात. मी कडेकडेने बरंच चाललो. काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही याचं बरं वाटावं की वाईट, ते ठरवता आलं नाही.

१९ मार्च

फाटकाचे खिळे उपटले. ठोकण्यापेक्षा उपटायला जास्त वेळ लागला, दोन तर आतच मोडले. पहाटे उठून ओसरीत बसलो, तो येतो का बघायला. आला नाही. मुलीने त्याच्या दाराला आतून कुलूप लावलेलं असतं आता.

सकाळी मीच अंडी काढली, कागदात गुंडाळली आणि फाटकातून त्याच्याकडे गेलो. "वहिनींनी पाठवलीत," म्हटलं. दुसरं काय म्हणणार. त्याने कागद उलगडून बघितलं आणि विचारलं, "कोण वहिनी?"

तेवढी एक उरली होती त्याच्याजवळ. आज तीही नव्हती. मुलगी म्हणते, काही दिवस असे येतात, काही तसे.

२३ मार्च

आज त्याला नेलं. मुलीच्या गावी, तिच्या घरी. दिवसा सांभाळायला बाई ठेवलीय. गाडीत सामान चढवताना ती म्हणाली, "काका, दोन मिनिटं बसता त्यांच्यापाशी?"

पलंगाच्या कडेला बसला होता. दाढी केलेली, भांग पाडलेला, मुलीने बटणं नीट लावलेली. माझ्याकडे बघून थोडा सावरून बसला. "या. तुम्ही कोण?"

उभ्या जन्मात मला तो तुम्ही म्हणाला नव्हता. शेजारी म्हणायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "मी शिंपी आहे. माप घ्यायला आलोय."

लगेच उभा राहिला, हात थोडे बाजूला धरून. गिऱ्हाईक म्हणून हा नेहमीच शहाणा. मी खिशातून टेप काढली. खांदा घेतला, बाही घेतली. छातीचं माप घेताना टेप पाठीमागून फिरवावी लागते, दोन्ही हात माणसाच्या भोवती न्यावे लागतात. तेवढ्यापुरतं त्याच्या जवळ गेलो आणि माझे हात सुटेनात. किती वाळला होता. त्याने अंग चोरलं नाही, का म्हणून विचारलं नाही. शिंप्याला वेळ लागतो असं वाटलं असेल.

मग माझ्या कानाशी हळू आवाजात म्हणाला, "माप घ्या, पण कापड मी तुम्हाला देणार नाही. राग मानू नका. माझे कपडे शेजारचा मास्तर शिवतो."

मी म्हटलं, "चांगला शिवतो का?"

"हात चांगला आहे. तोंड फटकळ आहे." हसला. "सध्या दुकान बंद आहे त्याचं, घरात आजारपण आहे. दुसऱ्याकडून शिवून घेतलं तर त्याला वाईट वाटेल. बोलणार नाही तो, पण वाटेल. म्हणून मी थांबलोय."

मुलीने बाहेरून हाक मारली. मी टेप गुंडाळून खिशात ठेवली. त्याला म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. थांबा त्याच्यासाठी."